होयबा

आमच्या घरात वाक्य सुरू करणारा एक आणि संपवणारा दुसरा, अशी पद्धत आहे. सुरू करायचं काम माझ्या धाकट्या भावाकडे. संपवायचं काम आईकडे, माझ्याकडे आणि वडील होते तोवर वडिलांकडे. भाऊ अडखळत बोलतो. शब्दाचं पहिलं अक्षर तोंडातच अडकतं, मानेच्या शिरा फुगतात, डोळे घट्ट मिटतात आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आता आपल्याच पोटच्या पोराचे, पाठच्या भावाचे असे हाल कोण बघत बसणार? आम्ही झटकन शब्द पुढे करायचो. तो मान हलवायचा. तोही सुटायचा, आम्हीही सुटायचो.

गंमत अशी, की आमचा शब्द चुकला तरी तो मान हलवायचा. लहानपणी एकदा "चा... चा..." करत आईपुढे उभा होता. आई म्हणाली, "चादर हवी का?" यानं मान हलवली आणि भर उन्हाळ्यात चादर पांघरून दुपारभर घामाघूम होऊन पडला. खेळण्यातल्या गाडीचं चाक पलंगाखाली गेलं होतं, तेवढंच त्याला सांगायचं होतं. मोठा झाल्यावर वडिलांसमोर "शि... शि..." सुरू झालं, तर वडील खूश. "शिवण शिकायचंय? शाबास!" वर्षभर शिंप्याकडे काजं करत बसला. पुढे कधीतरी कळलं, की 'शिकायचंच नाहीये' असं म्हणणार होता.

मी त्याला खूप झापलं होतं तेव्हा. "अरे, चुकतोय आम्ही, तर नाही म्हणावं माणसानं!" पण त्याचंही खरं होतं. 'नाही' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, 'मग काय?' आणि पुन्हा तोच घाट चढायचा. 'हो' म्हटलं की विषय संपतो. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव पाडलं 'होयबा', आणि ते असं चिकटलं की रागाच्या भरात आईसुद्धा त्याच नावानं हाक मारते.

माझं बरोबर उलटं. बोलण्याची वाटणी करताना वाढप्याचा हात माझ्या ताटात जरा जास्तच सैल सुटला असणार. मी बसस्टँडवर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर हरवलं, कुणाची पिशवी सापडली, सगळं माझ्या तोंडून. घसा बसला तरी तोंड बसत नाही, असं आई म्हणते.

होयबा किल्ल्या करतो. शिंपीकामातून सुटल्यावर एका म्हाताऱ्या किल्लीवाल्याच्या हाताखाली राहिला आणि तिथेच रमला. बाजाराच्या कोपऱ्यावर लाकडी टपरी, कानशी, किल्ली पकडून ठेवायला एक छोटा वाइस आणि कोऱ्या किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. गिऱ्हाईक कुलूप पुढ्यात ठेवतं आणि निघून जातं. फारसं बोलावं लागत नाही. आणि खरं सांगू, कुलपाशी तो अजिबात अडखळत नाही. मी चोरून ऐकलंय. कानाशी धरतो, तार आत सरकवतो आणि पुटपुटतो, "हं, इथं रुसलाय होय रे तू. ये, ये. अजून थोडं. शाबास." एकदाही शब्द अडकत नाही. कुलूप त्याची वाक्यं पूर्ण करायला जात नाही, म्हणून असेल.

तर मोबाइलवर एका टोळीबद्दलचा निरोप फिरायला लागला, तेव्हा तो माझ्या डोक्यात शिरायला हवा होता. 'किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारी टोळी शहरात घुसली आहे. दिवसाढवळ्या घरं फोडते. सावध राहा, इतरांना सावध करा.' एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. चोरी कुणाकडे झाली विचारलं, तर मावसबहिणीच्या शेजारणीच्या जावेकडे. ती जाऊ कुणी पाहिली नव्हती. मग आमच्या ऑफिसातूनही सूचना आली आणि मी ती दर थोड्या वेळानं माझ्या गोड आवाजात वाचत राहिले, मी जागेवर नसेन तेव्हासाठी रेकॉर्डही करून ठेवली. 'संशयास्पद व्यक्ती आढळल्यास त्वरित कळवा.' कुणाला कळवा, ते त्यात नव्हतं.

त्या सकाळी मी सूचना वाचून माईक बंद केला आणि कँटीनवाला चहा घेऊन केबिनमध्ये आला. हा माणूस वर्षानुवर्षं मला चहा देतो. तुमचा आवाज कानावर पडल्याशिवाय माझा स्टोव्ह पेटत नाही, असं म्हणतो. त्या दिवशी तर अंगात आल्यासारखा खुशीत होता.

"ताई, पकडला! त्या टोळीतला एक. आमच्या मागच्याच बिल्डिंगीत. चांगलाच पाहुणचार केला लोकांनी. मीही दोन ठेवून दिल्या." त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "आणि कबूल झाला बघा, स्वतःहून!"

जिन्याचा अर्धवट उजेड होता. बरीच माणसं, हातच हात, आणि मधे भिंतीला पाठ लावून माझा भाऊ. शर्टाची बाही उसवलेली. पायाशी किल्ल्यांचा जुडगा. कुणीतरी विचारत होतं, "कोण तू? कुणी बोलावलं तुला? बोल!" आणि होयबानं डोळे मिटले, मानेच्या शिरा फुगवल्या, "बा... बा... बा..." सुरू केलं आणि थांबला.

तो का थांबला, ते त्या जिन्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तो वाट बघत होता. आयुष्यभर त्यानं हेच केलंय, शब्दाचं टोक पुढे करायचं आणि उरलेला कुणीतरी ओढून काढेल म्हणून थांबायचं.

"बाकीचे कुठायत? बाकीचे?" एक आवाज ओरडला. "बाकीच्यांबरोबर आलास ना? टोळी आहे ना तुमची?"

होयबानं मान हलवली.

त्यापुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. कँटीनवाल्याचा हात अजून तसाच पुढे होता. मी म्हटलं, "माझा भाऊ आहे हा."

त्याचा चेहरा उतरला. चहा टेबलावर हिंदकळला. "ताई, शप्पथ सांगतो, मला माहीत असतं तर..."

"काय माहीत असतं तर?"

"की तुमचा आहे म्हणून."

"आणि कुणाचाच नसता तर?"

तो फडक्यानं सांडलेला चहा पुसायला लागला. मी चप्पल अडकवून धावत सुटले. मागे लाउडस्पीकरवर रेकॉर्ड केलेली सूचना आपोआप सुरू झाली, तोच गोड आवाज, 'त्वरित कळवा'. तो बंद करायला मी मागे वळले नाही.

होयबाला सरकारी दवाखान्यात टाकलं होतं. एक हात मोडला होता, ओठ फाटला होता, डोळा बंद झाला होता. आई त्याच्या उशाशी बसून सारखी विचारत होती, "दुखतंय ना? इथं दुखतंय? पाणी हवंय?" तो प्रत्येकाला मान हलवत होता.

त्या दिवसांत मोबाइल उघडला की तोच व्हिडिओ. कुणी लिहिलं होतं, 'प्रसाद दिला'. कुणी 'हात साफ करून घेतले'. कुणी 'धुतला', 'चोपला', 'चांगली समज दिली', 'पाठ शेकली'. माझा धंदा बोलण्याचा, म्हणून असेल, पण मला त्या शब्दांचीच शिसारी आली. कपडे धुतात, पाठ शेकून देते आई, समज देतात मोठी माणसं. सगळे घरातलेच, कामाचे, प्रेमाचे शब्द. एवढ्या माणसांत 'आम्ही एका माणसाला मारलं' असं सरळ एकानंही लिहिलं नव्हतं. आणि मीही काय वेगळी होते? गल्लीतल्या दंगेखोर पोरांना 'आता प्रसाद मिळेल हं' असं मीही हसत म्हटलेलं आहे.

आता एकच गोष्ट व्हायला हवी होती. होयबानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं, की त्या बिल्डिंगीतल्या बाईंनी कुलूप बघायला बोलावलं म्हणून मी गेलो आणि या लोकांनी मला मारलं. एवढं झालं असतं तर तो मार खाल्लेला माणूस ठरला असता. नाहीतर तो कबुली दिलेला चोर होताच, शहरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये. त्याच्या हातात कुणी पुन्हा घराचं कुलूप दिलं असतं का?

मी आधी त्या बाईंकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आदल्या संध्याकाळी टपरीवर येऊन त्यांनीच सांगितलं होतं, की दाराचं कुलूप अडकतंय, सकाळी येऊन जा. रात्री भाच्यानं त्यात तेल सोडलं, कुलूप सुटलं आणि सकाळी बाई खुशाल बाजारात गेल्या. होयबाला सांगायचं राहून गेलं. हा आला, बेल वाजवली, आतून कुणी येईना. तेव्हा आपला वाकून कुलूप बघायला लागला. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.

बाईंनी मला आत घेतलं, पाणी दिलं, डोळ्यांना पदर लावला. "किती गरीब मुलगा गं तो. मला रात्र रात्र झोप नाही."

"मग ठाण्यात येऊन एवढंच सांगा ना, की तुम्ही बोलावलं होतं."

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला याच बिल्डिंगीत राहायचंय गं. रोज याच जिन्यानं चढायचं-उतरायचं. मारणाऱ्यांत माझे विद्यार्थीही होते. एकटी बाई मी."

"बाई, तुम्ही आम्हाला निबंध घालायचात ना, सत्य म्हणून?"

"निबंधच होता तो, बाळ," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला त्यांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली. दोन्हींचा मला काही उपयोग नव्हता.

मग उरला होयबाचाच जबाब. हात गळ्यात बांधलेला असा त्याला घेऊन मी ठाण्यात गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, हेच तर दुर्दैव. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, टाइप करणाऱ्या शिपायाला पंखा जरा कमी करायला सांगितला. मग माझ्याकडे वळले.

"ताई, एक सांगतो. जे काही यायचं ते याच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्ही मधे एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर उद्या समोरचा म्हणेल, बहिणीनं पढवलं."

मला ते एकदम पटलं. मी दोन्ही ओठ दाबून बसले. जन्मात पहिल्यांदा.

"बोल बाळा," साहेब म्हणाले. "काय झालं त्या दिवशी?"

होयबानं डोळे मिटले. "बा... बा..." पंखा फिरत होता. शिपायाची बोटं कीबोर्डवर थांबलेली. "बा..." माझ्या जिभेच्या टोकावर 'बाईंनी' हा शब्द आला होता. मी नखं तळहातात रुतवली. बाहेर कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं, फोन वाजून वाजून बंद झाला. होयबानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं पुन्हा डोळे मिटले.

साहेबांना ते बघवेना. मी समजू शकते, आम्हालाही कधी बघवलं नाही. ते पुढे वाकून मायेनं म्हणाले, "असू दे, असू दे. त्रास नको करून घेऊस. कामाला गेला होतास का तिथं?"

होयबानं मान हलवली. वाटलं, झालं, सुटलो. शिपायानं टाइप केलं.

"मग लोकांनी विचारलं, तेव्हा घाबरलास?"

मान हलली. टाइप झालं.

"घाबरून पळायला लागलास?"

मान हलली.

"आणि जिन्यावरून पडलास. हो ना?"

मान हलली. शिपायाची बोटं चालतच होती.

"साहेब!" मी उठून उभी राहिले. "पडला नाही तो! त्याला मारलंय! अख्ख्या गावानं बघितलंय मोबाइलवर!"

"मोबाइलवर तो चोर असल्याचंही कबूल करतोय, ताई. ते धरू का?" साहेब शांतपणे म्हणाले. "मी त्याच्याच भल्याचं बघतोय. चोरीचं किटाळ निघून जातंय ना?"

"अहो, तो कशालाही मान हलवतो! लहानपणापासून. काहीही विचारा, तो हो म्हणतो."

"असं?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग 'कामाला गेला होतास का' याला जी मान हलवली, तीही धरायची नाही का आम्ही?"

दिवसभर शहराशी बोलणारी बाई मी, आणि मला एक वाक्य सापडेना. होकार धरावा तर तो जिन्यावरून पडलेला, सोडावा तर तो चोर. त्या घाईत मी जे केलं ते करायला नको होतं. मी होयबाकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "हे बघा साहेब, मी दाखवते. काय रे, आज सकाळी तू विमानातून उडत आलास ना? राजाची पोरगी दिलीय ना तुला?"

शिपाई फिसकन हसला. दारातला एक जण वाकून बघायला लागला.

होयबानं माझ्याकडे पाहिलं. एकच डोळा नीट उघडत होता, त्यानं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मग त्यानं अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे, मान हलवली. नाही.

सगळ्या आयुष्यात त्यानं चारचौघांत 'नाही' म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. ते त्यानं मला म्हटलं.

"बघा," साहेब म्हणाले. "चांगलं कळतं त्याला. उगाच वेड्यात काढू नका भावाला." आणि त्यांनी शिपायाला पुढे चालू ठेवायची खूण केली.

जबाब वाचून दाखवला गेला. मी कामाला गेलो होतो. गैरसमज झाला. घाबरून पळताना पडलो. लोकांनी मला उचलून दवाखान्यात नेलं. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. किती नेटकं, एकही अक्षर अडखळलेलं नव्हतं. होयबानं डाव्या हातानं सही केली. साहेबांनी त्याचा जुडगा परत दिला, पाठीवर थोपटलं आणि मला म्हणाले, "मिटलं, ताई. आता जास्त चिवडू नका." मी काय चिवडणार होते? सही झाली होती.

सगळ्यांना आनंद झाला. शेजारचे म्हणाले, थोडक्यात सुटला. बाईंनी फळं पाठवली. कँटीनवाला माझ्याकडून चहाचे पैसे घेईना. मी ते टेबलावर टाकायचे, तो ते तिथेच ठेवायचा. मी त्याच्याशी बोलत नव्हते, पण त्याचा चहा पीत होते, कारण स्टँडवर दुसरा चहा नाही.

हात सुटल्यावर होयबा घरातच, खिडकीशी एक जुनं कुलूप घेऊन बसायला लागला. टपरीवर जायला तयार नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून कान लावायचे. तार आत सरकल्याचा बारीक आवाज यायचा, कानशीचा यायचा. त्याचा स्वतःचा येत नव्हता. कुलपाशीही तो बोलेनासा झाला होता. मला इतकं रडू यायचं, की तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी राहायचे.

एका दुपारी मी ठरवलं, आता बास. त्याच्यासमोर जमिनीवर बसले, मांडी घालून.

"त्या दिवशी ठाण्यात मी तुझी थट्टा केली," मी म्हटलं. "चुकलं माझं. आता तू सांग. तिथं काय झालं, ते तू सांग. कितीही वेळ लागू दे. मी मधे बोलणार नाही. आईची शपथ."

त्यानं कुलूप खाली ठेवलं. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मी खरंच गप्प बसते का ते जोखत असावा. मग त्यानं डोळे मिटले.

"म... म..."

मी गप्प.

"म... मा... म..." मानेच्या शिरा ताठ झाल्या. कपाळावर घाम आला. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली. त्यानं श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून. "म... म... मा..." आणि या खेपेला तो थांबला नाही. शब्दाचं टोक धरून ठेवून तो वाट बघत नव्हता, ओढत होता, स्वतः, एकटा. मी हात बांधून, जीभ दातांत धरून बसले होते. येत होता तो शब्द. मला दिसत होता त्याच्या ओठांवर, आणखी थोडंसं, आणखी थोडंसंच.

"मळमळतंय का रे बाळा?" आई हात पुसत आतून धावत आली. तिला बघवलं नसणार.

होयबानं डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मग त्यानं मान हलवली, आणि आई लिंबू कापायला आत गेली.